न मागितलेली क्षमा

शांतवनराव जाधवांनी मला आयुष्यात बऱ्याच वेळा क्षमा केली. त्यातली एकही मी मागितली नव्हती.

पहिली क्षमा पदरात पडली तेव्हा मी नुकतीच मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते. शनिवारची संध्याकाळ होती आणि मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. करकर वाजणारी पायताणं आमच्या दाराशी येऊन थांबली. वर पाहिलं तर काळा कोट, पांढरं धोतर आणि काखेत छत्री. पाऊस असो नसो, ती छत्री त्यांच्या काखेत असायचीच, पण ती त्यांनी उघडलेली फारशी कुणी पाहिली नव्हती.

"सलाम," ते म्हणाले. आम्हा ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर सलाम म्हणायची पद्धत आहे.

"सलाम," मी उठून उभी राहिले.

"मी तुला क्षमा केली आहे."

"कशाबद्दल?"

"ते तुझं तुला ठाऊक," असं म्हणून ते पुढच्या दाराकडे गेले.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मी माझी सगळी पापं आठवून पाहिली. दोन-तीन सापडलीही, पण ती यांना कळणं शक्यच नव्हतं. पुढे बऱ्याच दिवसांनी उलगडा झाला, की गेल्या उपासनेत गीत गाताना माझ्या डोक्यावरून पदर घसरला होता. एवढंच. त्यासाठी हा गृहस्थ स्टेशनच्या बाजूनं आमच्या चाळीपर्यंत पायपीट करत आला होता.

आमच्या चर्चच्या मंडळीचा कारभार पाहणारे चार-पाच पुढारी असत. त्यांना आमच्यात 'वडील' म्हणतात. शांतवनराव त्यांच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ. कोल्हापूरचं संस्थान होतं तेव्हापासून ते वडील होते, संस्थान विलीन झालं, मिशनचे गोरे साहेब एकेक करून मायदेशी गेले, तरी शांतवनराव आपले वडीलच. पोटापाण्यासाठी ते कुठल्याशा कचेरीत कारकून होते. पण खरा धंदा क्षमेचा.

आता आमच्याकडची एक जुनी रीत सांगायला हवी, म्हणजे या माणसानं तिचं काय करून ठेवलं ते कळेल. आमच्या चर्चमध्ये अधूनमधून प्रभुभोजनाचा रविवार येई. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, ख्रिस्ताच्या मरणाच्या आठवणीसाठी. त्या मेजाशी बसायचं तर मनात कुणाबद्दल अढी ठेवायची नाही, म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांनी आपापली भांडणं मिटवायची. माझी आई त्या दिवशी वाटीत काहीतरी घालून ज्या शेजारणीशी बिनसलं असेल तिच्याकडे जायची. दोघी थोडा वेळ हवापाण्याचं बोलायच्या, मग दोघी रडायच्या, मग चहा व्हायचा. देवानं आपल्याला माफ केलंय, तर आपण कुठले मोठे लागून गेलो, एवढाच त्याचा अर्थ. मला ती रीत फार आवडायची.

शांतवनरावांनी तिची तपासणीची फेरी करून टाकली होती. ते त्या शनिवारी घरोघर जात आणि दारात उभे राहून क्षमा वाटत. कुणाशी त्यांचं भांडण असायचं असं नाही. भांडायला बरोबरीचं माणूस लागतं, आणि तसं त्यांना अख्ख्या कोल्हापुरात कुणी सापडलेलं नव्हतं. ते स्वतः कुणाकडे क्षमा मागायला गेल्याचं कुणाला माहीत नाही. एकदा आईनं विचारलं, "काय वो वडील, तुमची कधी काय चूकच होत न्हाई व्हय?" तर ते गंभीरपणे म्हणाले, "होत असेल. पण अजून कुणी दाखवून दिली नाही." यात विनोद होता असं कृपा करून समजू नका. विनोद त्यांच्या वाटेला कधी गेला नाही.

त्यांची प्रार्थना हा तर वेगळाच प्रकार. सगळे डोळे मिटून बसलेले असताना हे उभे राहत आणि देवाला चाळीतल्या बातम्या सांगत. "हे प्रभू, आमच्या एका भगिनीनं मागच्या रविवारी, तुझ्या विश्रामाच्या दिवशी, लक्ष्मीपुरीतून कोथिंबीर खरेदी केली. तिला तू क्षमा कर. मी तर केलीच आहे." किंवा, "आमचा तरुण बंधू दानिएल उपासना सोडून कुस्त्या पाहायला गेला. त्याचं वय लहान आहे. मी त्याला क्षमा केली आहे, तूही कर." म्हणजे आधी शांतवनराव, मग देव. दानिएल बिचारा खाली मान घालून बसायचा आणि त्याच्या आईला पुढचे आठ दिवस नळावर तोंड दाखवायची सोय राहायची नाही. बाकीच्या लोकांना ही प्रार्थना आवडायची हे मात्र खरं. उपदेशाला डुलक्या घेणारी माणसं शांतवनराव उठले की खडबडून जागी व्हायची.

आणखी एक. शांतवनराव कुणाच्या घरात पाऊल टाकत नसत आणि कुणाकडचं पाणी घेत नसत. "मी वडील आहे. आज तुमच्याकडे चहा प्यालो, तर उद्या तुमच्याबद्दल निःपक्षपातीपणे बोलता यायचं नाही," असं त्यांचं तत्त्व. ऐकायला छान आहे. पण त्यांच्या आजोबांची कुरुंदवाडकडे पाटिलकी होती, आणि आमच्या चाळीतली बरीचशी माणसं गावकुसाबाहेरून आलेल्यांची मुलंनातवंडं होती. मिशनच्या साहेबांकडे जाधव खुर्चीवर बसून चहा पीत, बिस्किटंही खात. तिथे त्यांचा निःपक्षपातीपणा कुठे जात असे कोण जाणे. प्रभुभोजनात पूर्वी एकच मोठा प्याला असायचा, सगळ्यांनी त्यातलाच घोट घ्यायचा. तो बंद करून प्रत्येकाला वेगळे, बोटभर उंचीचे काचेचे पेले आणवले ते शांतवनरावांनीच. कारण काय, तर आरोग्य. "आरोग्य कसलं डोंबलाचं," आई म्हणायची, "बाप्तिस्मा झाला तरी पाटील काय धुऊन निघाला न्हाई." मला याहून जास्त काही बोलायचं नाही.

एक गोष्ट त्यांच्या बाजूची आहे, तीही सांगून टाकते. चंदगडकडे एका खेड्यात आमच्यातला एक एकटा म्हातारा वारला होता. पावसानं रस्ते गेलेले, एसटी बंद. पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, कचरले. शांतवनराव निघाले, अर्धी वाट चिखलातून चालत गेले, स्वतः माती लोटली आणि तापानं फणफणत परत आले. तिथल्या लोकांनी भाकरी पुढे केली तर ती न खाताच आले. म्हणजे चांगलं काम केलं तेही असं की समोरच्याला परतफेडीची सोय राहू नये. या माणसाला देता येत होतं, घेता येत नव्हतं. तो हात त्यांना जन्मतःच नव्हता म्हणा ना.

आता रिबकामावशी.

आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. विधवा, मूलबाळ नाही, दवाखान्यात आया होती. बोलणं तोडून टाकल्यासारखं, आवाज नळापासून रस्त्यापर्यंत जाणारा. प्रभुभोजनाचा रस तिच्या हातचा असायचा. आमच्याकडे दारू चालत नाही, म्हणून काळ्या मनुका भिजवून, शिजवून, फडक्यातून गाळून तो रस करत. मावशी तो इतक्या मन लावून करायची की आदल्या दिवशी तिच्याशी कुणी बोलायची सोय नसे. नवरा असताना ती दोघं मिळून हे करत. तो गेल्यावर चर्चमध्ये तिचं म्हणून जे काही उरलं होतं, ते हेच एक.

शनिवारी संध्याकाळी शांतवनराव तो रस न्यायला यायचे. दाराबाहेर उभे राहायचे, मावशीनं बाटली बाहेर आणून हातात द्यायची. "आत या की वो, गाळून देते, बसा जरा," असं ती दर खेपेला म्हणायची, आणि दर खेपेला ते "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत ओट्याच्या खालीच थांबायचे.

त्या वेळी आमचे बाबा मोठ्या तापातून उठले होते. मुख्य रस गाळून झाला, की मावशी उरलेल्या चोथ्यात पुन्हा पाणी घालून उकळायची. ते पातळ, गोडसर पाणी आजाऱ्याला बरं. ते तिनं बाबांसाठी एका निळसर काचेच्या बाटलीत भरलं. बाटली आमचीच होती, औषधाची, तोंडाशी टवका उडालेली. आई येऊन नेईल म्हणून ती ओट्यावर ठेवली आणि मावशी कळशी घेऊन नळावर गेली. खरा रस आत फळीवर झाकून ठेवलेला होता, दारातून आत पाऊल टाकलं की दिसेल असा.

शांतवनराव आले. हाक मारली. ओ आली नाही. दार सताड उघडं होतं. दुसऱ्या कुणीही एक पाऊल आत टाकून पाहिलं असतं. यांनी ओट्यावर दिसली ती बाटली उचलली आणि चालू लागले.

मावशी परत आली, बाटली नाही, तेव्हा तिला वाटलं आईनं नेली. आईला वाटलं, मावशीला गडबडीत जमलं नसेल. मावशी रात्रीपर्यंत शांतवनरावांची वाट पाहत बसली. सकाळी घंटा झाली तेव्हा रसाची बाटली पदराखाली घेऊन चर्चमध्ये आली. तर मेजावर पेल्यांचे ट्रे भरून, पांढऱ्या फडक्यानं झाकून तयार. काहीतरी दुसरी सोय केली असेल, असं समजून ती गुपचूप मागच्या बाकावर बसली.

पेले फिरले. मी घोट घेतला. नुसतं पाणी, गुळचट. मी मागे वळून पाहिलं. मावशी रिकामा पेला हातात घेऊन त्याच्याकडे बघत होती. तिनं आपलंच उकळलेलं पाणी ओळखलं होतं, पण ते इथे कसं आलं याचा मेळ तिला लागत नव्हता.

तेवढ्यात शांतवनराव प्रार्थनेला उभे राहिले.

"हे प्रभू, तुझ्या मेजावरच्या रसात आज पाणी मिसळलेलं आढळलं. आमच्या एका विधवा भगिनीचा हात तुझ्या पवित्र वस्तूपर्यंत गेला. गरिबी माणसाला मोहात पाडते. तिला क्षमा कर. आम्ही तर केलीच आहे."

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, रस एकटी मावशी करायची. डोळे मिटायची वेळ, पण सगळ्या मंडळीचे डोळे उघडले आणि माना मागे वळल्या. त्यांनी तिच्यावर नुसता आळ घेतला असता तर कुणीतरी विचारलं असतं, की वडील, पुरावा काय? पण त्यांनी क्षमा केली होती. क्षमा केली म्हणजे गुन्हा झालाच असणार, नाही का?

मावशी उठली. मधल्या वाटेनं सरळ पुढे गेली आणि पदराखालची बाटली काढून तिनं मेजावर ठेवली. दाट, काळाभोर रस, गळ्यापर्यंत भरलेला. तिला वाटलं असेल, बाटली दिसली की सगळं दिसेल. मलाही तसंच वाटलं.

"पाहा!" शांतवनराव दोन्ही हात वर करून म्हणाले, "पश्चात्ताप! काढून घेतलेलं परत आणून ठेवलं! भगिनी, आता मन हलकं कर. तुला क्षमा मिळाली आहे."

पुढच्या बाकावरून दोन-तीन आमेन आले.

"मी मागितलीच न्हाय," मावशी म्हणाली, आणि तशीच बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली. डोळे सुजलेले, पण आवाज तोच. आईला म्हणाली, "बाई, ती निळी बाटली तुमीच न्हेली न्हवं?"

"न्हाई गं. मी आलेच न्हाई त्या दिवशी."

मग आई उठली, चर्चमध्ये गेली आणि ट्रे ठेवायच्या कपाटातून टवका उडालेली निळी बाटली घेऊन आली. तशीच ती शांतवनरावांच्या घरी निघाली. मी बरोबर होते.

ते आरामखुर्चीत बसले होते. आईनं बाटली त्यांच्यापुढे धरली आणि सगळं क्रमानं सांगितलं. कुणाची बाटली, आत काय होतं, कुणासाठी होतं, कुठे ठेवली होती. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरताना मी पाहिला. त्यांना कळलं होतं. पुढे अनेकांनी मला सांगितलं की बिचाऱ्यांच्या लक्षातच आलं नसेल. मी तिथे होते. त्यांना पुरतं कळलं होतं.

मग त्यांनी घसा साफ केला. "बाटल्या अशा उघड्यावर ठेवणं हा निष्काळजीपणा झाला," ते म्हणाले. "त्याबद्दलही मी तिला क्षमा करतो."

आई म्हणाली, "आन् तुमाला?"

"मला काय?"

"तुमाला नको व्हय माफी?"

"मला प्रभूनं केली आहे."

"केली असंल. पण बाटली त्याची न्हवती, रिबकाची हुती. तिच्याकडं मागा."

शांतवनरावांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. आम्ही निघालो. वाटेत मी त्या माणसाला जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईनं मला गप्प केलं नाही.

पाळकसाहेब सज्जन आणि भित्रे होते. त्यांनी वडिलांची सभा बोलावली, सभेत 'गैरसमज' असा शब्द सापडला, तो सगळ्यांना आवडला आणि चहा होऊन सभा संपली. रस करायचं काम शांतवनरावांच्या बायकोकडे गेलं. ती त्यात गूळ घालायची. चर्चमधून उघड कुणी काही सांगितलं नाही, त्यामुळे मावशी चोर ती चोरच राहिली. दवाखान्यात ती आत आली की नर्स साखरेच्या डब्याला कुलूप लावायची. कुलपाचा आवाज आपल्याला ऐकू जावा अशा बेतानं लावते, असं मावशी म्हणाली. तेवढं एकदाच ती माझ्यासमोर रडली.

चर्चला येणं तिनं सोडलं नाही. पण प्रभुभोजनाचा पेला घेणं सोडलं. मी रागावले. "मावशी, तू का नाही घ्यायचा? तुझं काय चुकलं?"

"अगं, मी प्याला उचलला तर लोक काय म्हनतील? चोरीची माफी मिळाली, बसली परत पंगतीला. त्यो प्याला घेतला म्हंजी त्येची माफी घेतली. ती मी न्हाय घ्यायची."

"मग त्याला चारचौघांत सुनाव ना एकदा."

"ते कशापायी? माझी माफी मी कवाच काढून ठेवलीया. भाकरी झाकून ठेवत्यात न्हवं उशिरा येनाऱ्यासाठी, तशी. पर त्येनं दारात येऊन मागाय तर पायजे की. मागितल्याबिगर कशी वाढू?"

मला हे अजिबात पटलं नाही. त्या माणसासाठी भाकरी झाकून ठेवायची? मी कुत्र्याला घातली असती.

मग वर्षानुवर्षं एक गोष्ट चालू राहिली, आणि ती मी लग्नानंतरही सुट्टीला माहेरी आले की डोळ्यांनी बघायचे. पेल्यांचे ट्रे बाकांमधून फिरवायचं काम वडिलांचं. शांतवनराव ट्रे घेऊन मागच्या बाकापाशी येत. मावशी ट्रे हातात घेई, एकही पेला न उचलता शेजारणीकडे देई, आणि मान वर करून अगदी आदरानं म्हणे, "सलाम, वडील." बस्स. ट्रे पुढे जाई. सुरुवातीला ते मान ताठ ठेवून पुढे सरकत. नंतर नंतर तो बाक जवळ आला की त्यांची पायताणं हळू वाजायला लागत. शनिवारच्या फेरीत ते सगळ्या चाळीला क्षमा वाटत, फक्त मावशीचं दार गाळत. आमच्या दारावरून थेट पलीकडच्या दारी. मला त्यात फार मजा वाटायची. मी मुद्दाम ओट्यावर उभी राहून पाहायचे.

अशी चार-पाच वर्षं गेली असतील. माझं लग्न होऊन मी मिरजेला होते आणि मेच्या सुट्टीत आले होते. प्रभुभोजनाच्या आदला शनिवार होता. ऊन असं की ओट्यावर पाय ठेववेना. मी मावशीकडे तिच्या बाजेवर बसून पोळपाटावर लसूण सोलत होते. पायताणांचा आवाज आला. आमच्या दारापाशी थांबला. मग पुढे आला, आणि मावशीच्या दाराशी पुन्हा थांबला.

शांतवनराव म्हातारे झाले होते. कोट तोच, पण आत माणूस कमी झालेला. तोंड लालबुंद, ओठ कोरडे. एवढ्या उन्हात आले आणि छत्री आपली काखेतच. त्यांनी तोंड उघडलं. ते वाक्य येणार म्हणून मी सुरीच उचलली होती.

"सलाम," ते म्हणाले.

"सलाम, वडील," मावशी चुलीपासून उठली.

मग एका हातानं त्यांनी चौकट धरली.

"बाई," ते म्हणाले, "थोडं पाणी मिळेल का?"

मावशीनं हालचाल केली नाही. "हितं दारात मी भाजीवाल्याशी बोलते. पानी पायजे तर आत या."

शांतवनरावांनी खाली पाहिलं. पायताणं काढली. चौकट बुटकी, त्यांना वाकावं लागलं. मी बाजेवरून उठले, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते पाटावर बसले. मावशीनं माठातलं पाणी फुलपात्रात दिलं. त्यांनी ते वरून ओतून घेतलं नाही, तोंड लावून प्याले. कोटावर सांडलं तरी थांबले नाहीत.

मग रिकामं फुलपात्र दोन्ही हातांत धरून ते भिंतीवरच्या फळीकडे पाहत राहिले. पूर्वी रसाची बाटली जिथे असायची ती फळी.

"त्या दिवशी मी आत आलो असतो तर..." ते म्हणाले.

मावशीनं तांब्या उचलला. "आनी देऊ?"

त्यांनी फुलपात्र पुढे केलं.

ते गेल्यावर मी मावशीवर उसळलेच. "एवढंच? ऊन लागलं म्हणून पाणी मागितलं त्यानं! माफीचा शब्द तरी काढला का तोंडातून?"

"मागितलं न्हवं?" मावशी फुलपात्र विसळत म्हणाली. "जन्मात कुनाकडं कायबी मागितलंता का त्यानं? पयल्यांदा मागितलं. आता पानी म्हना न्हायतर काय म्हना. उनानं का असंना, आला की."

"आणि चाळीला काय कळणार? तू चोर नव्हतीस हे कोण सांगणार?"

"त्येला म्हाईत झालंया, त्येच्या तोंडानं मी ऐकलंया. माझं भागलं."

माझं भागलं नव्हतं. आजही भागलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रे मागच्या बाकापाशी आला तेव्हा तो शांतवनरावांच्याच हातात होता. मावशीनं एक पेला उचलला. लोक वळून पाहायला लागले. ती शांतपणे प्याली. आणि मग सगळे ज्याची वाट पाहत होते त्या प्रार्थनेच्या वेळी शांतवनराव उठले. "काही वर्षांपूर्वी या मेजावर जे पाणी आलं, ते मी आणलं होतं," ते म्हणाले. "ओट्यावरून उचलून. बाईचा काही संबंध नव्हता." एवढंच बोलून ते खाली बसले. प्रार्थना करायची त्यांना आठवणच राहिली नाही. कुणी आमेन म्हणालं नाही. आईनं नाक शिंकरलं.

बाहेर पडल्यावर मावशी मला म्हणाली, "रस काय बरा न्हाय केला. गूळ घालत्यात काय त्यात! पुढल्या येळंला मी करीन."

त्या दुपारी मी आमच्या ओट्यावर उभी होते. शांतवनराव पुन्हा येताना दिसले. काल मावशीकडे छत्री विसरून गेले होते. दार उघडं होतं, आणि छत्री आत भिंतीला टेकवलेली दारातूनही दिसत होती. हात लांबवला असता तरी मिळाली असती. हा माणूस मला कधी आवडला नव्हता, पण काल त्याला ऊन लागलेलं मी पाहिलं होतं.

"थांबा, मी आणून देते," मी म्हणाले.

"नको," ते म्हणाले.

त्यांनी पायताणं काढली, ओट्याच्या कडेला नीट जोडून ठेवली, वाकले आणि आत गेले. मी उगाच उभी राहून वाट पाहिली. थोड्या वेळानं आतून मावशीचा आवाज आला, "साखर किती घालू वो?" आणि त्यांनी काहीतरी उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. पायताणं बराच वेळ उन्हात तशीच होती.